पाहुण्यांच्या गेटातून: स्कॉटलंडमधल्या अवे मॅचबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी अ‍ॅबर्डीन क्लबच्या माझ्या सीझन तिकिटाबद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्या आणि संपादकांकडे पत्रांचा ढीग आला. एरवी या पानावर व्हिसा, मुलांच्या शाळा, भाड्याचं घर असले प्रश्न येतात. या वेळी सगळ्यांना अवे मॅचला, म्हणजे फुटबॉल बघायला दुसऱ्या गावी जायचंय. मी मूळची गुहागरची. नवऱ्याच्या तेलाच्या नोकरीपायी अ‍ॅबर्डीनला आले. तो महिन्यातले निम्मे दिवस समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर, माझे शनिवार मोकळे, त्यात शेजारीण फुटबॉलवेडी. पुढचं सांगायला नको. एवढंच लक्षात असू द्या की मी तटस्थ नाही, एका बाजूची आहे.

प्रश्न: आम्ही चौघे मित्र एडिंबराला आयटीत आहोत. इथल्या हार्ट्स क्लबाची अ‍ॅबर्डीनला डिसेंबरात मॅच आहे, पाहुण्यांच्या स्टँडची तिकिटं काढली आहेत. सगळ्यांकडे चांगली जाड जॅकेटं आहेत. आणखी काय लागेल? (एक वाचक, एडिंबरा)

उत्तर: जॅकेटचं नंतर बघू. परतीची गाडी बघितलीत का? मला अवे मॅचबद्दल कोणी काही विचारलं की मी आधी हेच विचारते, कारण जाताना सगळे हुशार असतात. सकाळी वेव्हर्लीहून अ‍ॅबर्डीनची गाडी, अडीच तासांच्या आतबाहेरचा प्रवास, फोर्थचा १८९० सालचा लाल पूल, मग टे नदीवरचा पूल, आर्ब्रोथच्या पुढे उजव्या हाताला समुद्र. मजाच मजा. खरी परीक्षा संध्याकाळी पाचनंतर. म्हणून अवे मॅचचा बेत शेवटाकडून उलटा आखायचा: घरी कितीला पोचायचं, त्यासाठी कुठली गाडी, ती चुकली तर पुढची कुठली, तीही नसेल तर कोणाकडे झोपायचं. एवढं झालं की मग सकाळचा विचार.

तुमची मॅच तीनची असेल तर चिंता नाही. पाचच्या सुमारास सुटते, पिटोड्रीहून, म्हणजे अ‍ॅबर्डीनच्या मैदानाहून, स्टेशन चालत पंचवीस-तीस मिनिटं, किंग स्ट्रीटनं सरळ या. पण टीव्हीवाल्यांनी तारखेला हात लावला आणि मॅच रात्री पावणेआठला गेली, तर ती संपेस्तोवर पावणेदहा वाजतात, आणि तेव्हा दक्षिणेकडे जायला गाडी मिळेलच असं धरून चालू नका. तिकीट काढताना दिसलेली वेळ ही शेवटची वेळ नसते. टीव्हीचं वेळापत्रक जाहीर होईपर्यंत रेल्वेचं स्वस्तातलं, एकाच गाडीला बांधलेलं अ‍ॅडव्हान्स तिकीट काढायचं नाही. दोन पैसे जास्त गेले तरी कुठल्याही गाडीला चालणारं रिटर्न घ्या.

आता कपडे. अ‍ॅबर्डीनला डिसेंबरात सूर्य साडेतीनच्या सुमारास मावळतो. म्हणजे किक-ऑफला दिवस आणि हाफ टाइमच्या आत रात्र. पिटोड्री आणि समुद्र यांच्यात एक गोल्फचं मैदान आहे, बाकी आडोसा काही नाही. पूर्वेचा वारा सुटला की तो थेट येतो. मी कोकणातली, पावसाला भिणारी नाही. पण आमचा पाऊस वरून पडतो, इथला आडवा येतो आणि कॉलरमधून आत शिरून पाठीवर उतरतो. स्टँडला छत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पुढच्या रांगा छताखाली असूनही भिजतात. तिकीट निवडायला मिळत असेल तर वरच्या रांगा घ्या.

जाड जॅकेटपेक्षा महत्त्वाचं असतं ते पायात काय आहे. दोन तास सिमेंटवर नुसतं उभं राहायचं असतं, आणि गारठा खालून चढतो. अंगाला थर्मल, त्यावर लोकरीचा स्वेटर, त्यावर वारा अडवणारं टोपीवालं पातळ वॉटरप्रूफ. पायात लोकरीचे मोजे आणि जाड तळव्याचे बूट. आमच्या रांगेतला एक आजोबा घरून पुठ्ठ्याचा तुकडा आणतो, पायाखाली टाकतो आणि मॅचभर त्यावरून हलत नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता माझ्याही पिशवीत पुठ्ठा असतो. जीन्स मात्र अजिबात नको. एकदा भिजली की घरी पोचेपर्यंत वाळत नाही, आणि परतीच्या गाडीत अडीच तास ती मांड्यांना चिकटून बसते.

चष्मा असेल तर हूडच्या आत पुढे छज्जा असलेली साधी क्रिकेटची टोपी घाला. काचेवर थेंब पडत नाहीत, आणि वाऱ्यानं हूड मागे उडत नाही. तिकीट फोनवर असेल तर ते आधीच वॉलेटमध्ये उतरवून ठेवा, फोन आतल्या खिशात ठेवा. थंडीत बॅटरी भराभर उतरते, आणि ओल्या स्क्रीनवर गार बोटं चालत नाहीत. मागे लोकांची रांग, समोर बंद फिरकी गेट आणि हातात काळा पडलेला फोन हा प्रकार मी इतरांच्या बाबतीत पुष्कळ बघितला आहे.

राहता राहिली बिअर, जी तुम्ही विचारली नाहीत, पण चौघे आहात म्हणून सांगते. स्कॉटलंडमध्ये मैदानात साध्या प्रेक्षकाला दारू मिळत नाही. १९८० साली ग्लासगोच्या हॅम्पडन मैदानावर सेल्टिक आणि रेंजर्स या तिथल्याच दोन वैरी क्लबांच्या कप फायनलनंतर प्रेक्षक मैदानात उतरून एकमेकांना भिडले, घोड्यांवरचे पोलीस आणावे लागले, आणि त्याच वर्षीच्या कायद्यानं मैदानातली दारू बंद झाली. ती बंदी अजून उठलेली नाही. सपोर्टर्सच्या बसमध्येही दारू नेणं गुन्हा आहे, आणि झिंगून गेटावर आलात तर तिकीट असून आत सोडणार नाहीत.

प्रश्न: छत्री न्यावी का? (एक वाचक, बर्मिंगहॅम)

उत्तर: नाही. मोठी छत्री गेटावरच काढून घेतात, आणि छोटी वारा काढून घेतो.

प्रश्न: मी ग्लासगोत राहतो, पार्टिक थिसलचा पाठीराखा. गेल्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या एका गावी मॅच होती. पर्थ ओलांडलं आणि बसमध्ये निरोप आला की मैदान गोठलंय, मॅच रद्द. ऊन चांगलं पडलं होतं! हे आदल्या दिवशी कळत नाही का? आणि आमच्या पैशांचं काय? (एक वाचक, ग्लासगो)

उत्तर: तुमचा राग समजतो. पण ऊन पडलं होतं हेच तर कारण असतं. निरभ्र रात्र म्हणजे कडक थंडी, आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तरी ते जमिनीपर्यंत पोचायला हवं. डिसेंबरअखेरीस मुंबईत भर दुपारी सूर्य सत्तेचाळीस अंशांवर असतो. ग्लासगोत जेमतेम दहा-अकरा, अ‍ॅबर्डीनला त्याहून कमी. दक्षिणेकडे उंच स्टँड असेल तर त्याची सावली दिवसभर मैदानावर पडून राहते. उरलेलं मैदान मऊ, हिरवंगार, आणि स्टँडच्या पायथ्याचा तेवढा पट्टा दगडासारखा. रेफरी येतो, बुटाची टाच त्या पट्ट्यावर आपटून बघतो, बॉल टाकून बघतो, मान हलवतो. खेळाडूचा गुडघा तिथे फुटला तर जबाबदार कोण? पट्टा दोन मीटरांचा असो, मॅच जाते.

प्रीमियरशिपमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या विभागात, खेळायचं तर मैदानाखाली तापवणारे पाइप असावेच लागतात. खालच्या विभागांत तशी सक्ती नाही, आणि छोट्या क्लबांना तो खर्च पेलतही नाही. म्हणून जानेवारीतला अवे प्रवास जितका खालच्या लीगचा, तितका बेभरवशाचा. आदल्या दिवशी सांगत नाहीत, कारण यजमान क्लबालाही मॅच हवीच असते. रात्रभर कापडं अंथरून, सकाळी ती काढून, दहा-अकरा वाजता तपासणी करून मगच ते हात टेकतात. त्यांचाही पाईंचा माल पडून राहतो हो.

तुमचं एकदाच झालंय. १९६३च्या त्या प्रसिद्ध थंडीत एअरड्री आणि स्ट्रॅनरार यांची स्कॉटिश कपमधली मॅच ३३ वेळा पुढे ढकलली गेली. १९७९ साली इन्व्हरनेस थिसल आणि फॉल्कर्क यांची २९ वेळा. शेवटी ती झाली तेव्हा फॉल्कर्क ४-० नं जिंकलं. इतके दिवस वाट बघून चार गोल खाल्लेल्या त्या यजमानांचं मला आजही वाईट वाटतं.

पैशांचं सरळ आहे. मॅच सुरूच झाली नाही तर तुमचं तिकीट साधारणपणे नव्या तारखेला चालतं. ती तारीख मंगळवारी रात्रीची निघते आणि तुम्हाला ऑफिस असतं, ही गोष्ट वेगळी. बसचं तुमच्या सपोर्टर्स क्लबवर अवलंबून. रेल्वेचं अ‍ॅडव्हान्स तिकीट असेल तर मॅच रद्द झाल्याशी रेल्वेला देणंघेणं नाही, पैसे गेले. पण गाडीच रद्द झाली आणि तुम्ही प्रवास केला नाहीत, तर पूर्ण पैसे परत मिळतात.

आणि गाड्या रद्द होतात. १२ ऑगस्ट २०२० ला स्टोनहेवनजवळ कारमाँट इथे मुसळधार पावसानं रुळांवर खडी वाहून आली, गाडी घसरली, तिघे गेले. तेव्हापासून मोठ्या पावसात गाड्यांचा वेग कमी करतात, कधी मार्गच बंद ठेवतात. लोक कुरकुरतात, मी त्याच मार्गानं जाते, मी कुरकुरत नाही. २४ जानेवारी २०२५ ला एओविन वादळाचा रेड अलर्ट होता, त्या दिवशी स्कॉटरेलची एकही गाडी धावली नाही. तेव्हा शुक्रवारी रात्री हवामान खात्याचा नकाशा बघायची सवय लावा. पिवळा इशारा असेल तर जादा मोजे घ्यायचे. अंबर, म्हणजे नारिंगी, असेल तर तिकडे मुक्कामाची सोय असल्याशिवाय निघायचं नाही. रेड असेल तर घरी भजी तळा.

प्रश्न: मुलगी ग्लासगोत असते, जावई फुटबॉलला नेणार म्हणतो. मी शाकाहारी आहे. दिवसभर उपाशी राहावं लागेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: मुळीच नाही. मैदानावरचं मुख्य खाणं म्हणजे स्कॉच पाई: तळहातावर मावणारी, कडक कवचाची, आत मिरी घातलेला मटणाचा खिमा. ती तुमच्या कामाची नाही. पण त्याच कवचात मॅकरोनी आणि चीज भरलेली मॅकरोनी पाईसुद्धा स्कॉटलंडमध्ये सर्रास मिळते. पिठाच्या वाटीत पिठाच्या नळ्या हा काय प्रकार, असं पहिल्यांदा वाटेल. गारठलेल्या हाताला ती गरम पाई लागली की असले प्रश्न पडत नाहीत. पाईचा काठ आतल्या पुरणापेक्षा अर्धा इंच वर असतो, त्या खळग्यात लोक तपकिरी सॉस ओततात. खाताना पाई आडवी करू नका, नाहीतर सॉस थेट बाहीत.

दोन गोष्टी मात्र विचारून घ्या. चिप्स कशात तळल्यात? इथे कित्येक ठिकाणी गायीच्या चरबीत तळतात. आणि बोव्हरिल. सगळे कपातून वाफाळतं काळपट काहीतरी पीत असतात, ते सूप किंवा कोरा चहा समजून घेऊ नका. तो बीफचा अर्क आहे. २००४ ते २००६ या काळात कंपनीनं बीफ काढून ते यीस्टचं केलं होतं, मग पुन्हा बीफ घातलं, त्यामुळे कोणी जुन्या आठवणीवर "चालतं हो" म्हणालं तरी ऐकू नका. चहा घ्या. दूध भरपूर असतं, आलं नसतं.

घरून नेणार असाल तर कोरडं आणि फॉइलमध्ये गुंडाळलेलं न्या, ते सहसा कोणी अडवत नाही. जानेवारी असेल तर गुळाची पोळी उत्तम: चुरा पडतो, पण ताकद येते. काचेची बाटली, कॅन आणि मोठ्या मैदानांवर बहुधा स्टीलचा थर्मासही आत सोडत नाहीत. लेकीच्या लग्नात मिळालेला थर्मास असेल तर घरीच ठेवा.

प्रश्न: मी डंडीला एमएस्सी करतेय. वर्गातल्या मुलांना सेल्टिक-रेंजर्स बघायला ग्लासगोला जायचंय, मलाही बोलावलंय. आई म्हणते अजिबात नाही. (एक विद्यार्थिनी, डंडी)

उत्तर: पहिलीच मॅच असेल तर मी आईच्या बाजूनं. भीतीपोटी नाही, व्यवहारापोटी. त्या मॅचला पाहुण्यांची तिकिटं मोजकी असतात, ती वर्षानुवर्षं क्लबाबरोबर फिरणाऱ्यांना जातात. बाहेरून कोणी महागात देतो म्हणाला तर ते बहुधा फसवणुकीचं असतं, किंवा चुकीच्या स्टँडचं. चुकीचा स्टँड म्हणजे काय, ते नीट समजून घे. इथे दोन्ही बाजू वेगळ्या बसवतात. यजमानांच्या स्टँडमध्ये पाहुण्यांचा स्कार्फ घालून बसलीस किंवा त्यांच्या गोलला उडी मारलीस, तर स्टीवर्ड येऊन गोड बोलून बाहेर काढतो. तो तुझ्या भल्यासाठीच काढतो.

त्यातून ग्लासगोत रंगांचा अर्थ मॅचच्या दिवशी जरा जड असतो: हिरवा सेल्टिकचा, निळा रेंजर्सचा. हिरवं जॅकेट किंवा निळी कानटोपी तू सेलमध्ये घेतली असशील. त्या दिवशी काळं घाल. पबच्या दारावर "फक्त यजमान पाठीराखे" अशी पाटी असेल तर आत जाऊ नकोस. आणि एक सांगते, जे लोक सहसा सांगत नाहीत: स्टँडमधलं जे गाणं तुला कळत नाही, ते म्हणू नकोस. काही गाणी फुटबॉलची नसतात, आयर्लंड आणि धर्माच्या जुन्या भांडणाची असतात. टाळ्या वाजवायला कोणाची ना नाही.

आता मला सांग, डंडीत राहून तू ग्लासगोला का जातेस? डंडी एफसीचं डेन्स पार्क आणि डंडी युनायटेडचं टॅनाडाइस एकाच रस्त्यावर आहेत, एकमेकांपासून दोनेकशे यार्डांवर. या दोघांची आपसातली मॅच म्हणजे अगदी छोटा अवे प्रवास, खेळाडू चालत जाऊ शकतात. तुझ्या खोलीवरून टेकडी चढायची, संपली की उतरायची. परतीच्या गाडीची कटकट नाही. दोघांपैकी एक क्लब निवड, वर्षभर त्याच्या मागे जा. प्रीमियरशिपचं अवे तिकीट साधारण २५ ते ३५ पाउंडांना पडतं, विद्यार्थ्यांना बऱ्याच ठिकाणी सवलत असते. क्लबाच्या सपोर्टर्स बसमध्ये जागा मिळते का विचार. एकटी मुलगी बघून त्यांच्यातल्या बायका तुला आपल्यात बसवतील, तीन प्रकारची गोळ्या-चॉकलेटं देतील आणि नावाचा उच्चार विचारून विचारून तुला भंडावतील. आईला त्या बसमधला फोटो पाठव.

प्रश्न: आम्ही मे महिन्यात स्कॉटलंड बघायला येतोय. तेव्हा तरी कोरडं असेल ना? कुठली मॅच धरावी? (एक दांपत्य, ठाणे)

उत्तर: मे बरा असतो. रात्री साडेनऊपर्यंत उजेड, आणि मैदान गोठण्याचा प्रश्न नाही. पण अडचण वेगळीच आहे. प्रीमियरशिपमध्ये बारा क्लब. प्रत्येकी ३३ मॅच झाल्या की लीग दोन तुकड्यांत फुटते, वरचे सहा आणि खालचे सहा, आणि शेवटच्या पाच मॅच आपापल्या तुकडीत होतात. कोण कोणाच्या घरी जाणार ते फूट पडल्यावरच ठरतं. म्हणजे मे महिन्यातली मॅच जानेवारीत बुक करता येत नाही. हॉटेल एका मध्यवर्ती शहरात घ्या, पर्थ किंवा स्टर्लिंग चांगलं, आणि वेळापत्रक आलं की ठरवा.

कोरडं म्हणाल तर पश्चिमेपेक्षा पूर्व किनारा कोरडा. पण तिथे वसंतात आणि उन्हाळ्यात 'हार' नावाचं धुकं येतं: थंडगार उत्तर समुद्रावर उबदार हवा आली की धुकं धरतं आणि पूर्वेच्या वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर चढतं. चार मैल आत लोक बागेत ऊन खात असतात आणि पिटोड्रीत आम्हाला पलीकडचा गोल दिसत नाही. समोरच्या स्टँडनं ओरडा केला की कळतं काहीतरी झालं.

कप फायनल मेअखेरीस ग्लासगोला हॅम्पडनवर असते. २४ मे २०२५ ला आम्ही तिथे सेल्टिकला पेनल्टीवर हरवलं; १९९० नंतर पहिल्यांदा स्कॉटिश कप अ‍ॅबर्डीनला आला. हे तुम्ही विचारलं नव्हतं, मला माहीत आहे. शेजारणीच्या वडिलांना विचारलंत तर ते त्याहून मागे नेतील, ११ मे १९८३, गॉथेनबर्ग, युरोपियन कप विनर्स कपची फायनल, रेआल माद्रिदला २-१ नं हरवलं. हजारो लोक अ‍ॅबर्डीनहून गेले होते, काही सेंट क्लेअर नावाच्या बोटीनं उत्तर समुद्र ओलांडून. त्या रात्री तिथे धो धो पाऊस होता. म्हातारा अजून सांगतो की स्पेनची पोरं पावसातच अर्धी हरली होती. मे महिन्यात पाऊस नको असं म्हणणारे तुम्ही ठाणेकर. आमच्याकडे लोक मेमधल्या त्या पावसाचे उपकार मानतात.

प्रश्न: मी कोल्हापूरचा, पाटाकडील तालमीच्या फुटबॉल मॅच बघत म्हातारा झालो. मुलाकडं ग्लासगोला फेब्रुवारीत दोन महिने येतोय. त्याला मोठी स्टेडियमं दाखवायची आहेत. मला खेळ जवळनं बघायचाय, पोरांच्या शिव्या ऐकू येतील असा. कुठं जाऊ? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: काका, प्रश्न वाचून बरं वाटलं. कोल्हापूरकरांना एक गोष्ट इथे नवी वाटेल. तुमच्याकडे पेठा भांडतात, तालमी भांडतात, पण मैदान एकच: शाहू स्टेडियम. सगळे तिथेच येतात, त्यामुळे पाहुणा असा कोणीच नाही आणि सगळेच घरचे. शिवाय हंगाम पावसाच्या आत उरकतो. इथे दर दुसऱ्या शनिवारी परक्याच्या गावात जायचं, आणि हंगाम ऑगस्ट ते मे, म्हणजे सगळ्यात वाईट हवा नेमकी मध्यावर.

तुम्हाला आर्ब्रोथला जायला हवं. गेफील्ड पार्क. ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीटहून अ‍ॅबर्डीनची गाडी तिथे थांबते, स्टेशनवरून चालत जाता येतं. मैदानाच्या भिंतीपलीकडे थेट समुद्र, मध्ये फार तर एक रस्ता म्हणा. युरोपात समुद्राला इतकं चिकटलेलं दुसरं मैदान नाही असं तिथले लोक सांगतात, आणि भरतीच्या वेळी वादळ असलं की पाणी भिंतीवरून उडून आत येतं, हे मी बघितलंय. बसायला एक स्टँड, बाकी तिन्ही बाजूंना उभं राहायच्या पायऱ्या, आणि कठडा साइडलाइनपासून इतका जवळ की थ्रो-इन घेणाऱ्याच्या शर्टाचं लेबल वाचता येतं. शिव्या तर येतीलच ऐकू; कळायला मात्र मुलगा बरोबर हवा.

तिथे वारा हा बारावा खेळाडू असतो, आणि तो हाफ टाइमला बाजू बदलतो. मी एकदा बघितलं: गोलकीपरनं गोल-किक मारली, बॉल उंच गेला, मधल्या वर्तुळाच्या अलीकडे हवेत थबकला, आणि परत त्याच्याच दिशेनं यायला लागला. तो धावत मागे. नियमानं गोल-किक अशी उलटून थेट स्वतःच्या जाळ्यात गेली तर गोल देत नाहीत, समोरच्यांना कॉर्नर मिळतो. त्या दिवशी ती गोलच्या शेजारून बाहेर गेली आणि सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या, दोन्ही बाजूंनी. गर्दी कमी असली की तिथे पाठीराख्यांना वेगळं बसवत नाहीत, त्यामुळे हाफ टाइमला लोक आपापल्या क्लबाच्या हल्ल्याच्या बाजूला चालत जातात. तुम्हीही चालत जा. पाय मोकळे होतात, आणि वारा तोंडावर घ्यायचा की पाठीवर ते ठरवता येतं.

याच गावाच्या क्लबानं १२ सप्टेंबर १८८५ ला बॉन अकॉर्ड नावाच्या अ‍ॅबर्डीनच्या संघाला ३६-० असं हरवलं. आमच्या गावचा संघ, काय बोलणार. त्याच दिवशी डंडीत एक मॅच ३५-० नं सुटली, तेवढाच दिलासा.

मॅचआधी बंदराजवळ आर्ब्रोथ स्मोकी खा: हॅडॉक मासा जोडीजोडीनं शेपटीला बांधून लाकडाच्या धुरात शिजवतात, कागदात गरम गरम देतात. काटे जपून. तांबडा-पांढरा मिळणार नाही, पण त्या वाऱ्यात ही स्मोकी तेवढ्याच तोडीची लागते.

मुलाच्या मनासारखं एक मोठं स्टेडियम करा, त्याचं मन मोडू नका. सेल्टिक पार्क दाखवायला सांगा. १९३६ साली कलकत्त्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम तिथे पायाला पट्ट्या बांधून, बूट न घालता सेल्टिकच्या दुसऱ्या संघाकडून खेळून गेलाय. आणि पार्टिकला हॅमिल्टन क्रेसेंटचं क्रिकेट मैदान आहे, तिथे फेरी मारा. ३० नोव्हेंबर १८७२ ला स्कॉटलंड-इंग्लंड हा जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना त्या क्रिकेटच्या मैदानावर झाला. आधीचे तीन दिवस पाऊस पडत होता, मैदानात चिखल, आणि निकाल ०-०.

फेब्रुवारीत आर्ब्रोथची मॅच रद्दही होऊ शकते, म्हणून सकाळी निघायच्या आधी मुलाला क्लबाचं अधिकृत खातं बघायला सांगा. तपासणी बारा वाजता असेल तर ग्लासगोत चहा पीत थांबा. अंगात दोन स्वेटर, आतून लांब पायांची थर्मल, डोक्याला कानटोपी. कोल्हापुरी फेटा घालायची हौस असेल तर आर्ब्रोथला नको, तो फाइफपर्यंत उडत जाईल. पायऱ्यांवर उभं राहणं झेपत नसेल तर स्टँडचं तिकीट थोडं जास्त देऊन घ्या. गेटावर बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं, पण सुटे पाउंड खिशात असू द्या. कोणाच्या बाजूचे असं विचारलं तर खरं सांगा, कोल्हापूरहून आलोय म्हणून. ते दुसरा प्रश्न विचारतील, तुमच्याकडे तालमींची फायनल कधी असते. त्याची तारीख तयार ठेवा.